फुटक्या जहाजावरचा चोर

१

मालवाहू जहाज खडकावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले, त्याला अठरा दिवस झाले होते. पुढचा तुकडा त्याच रात्री बुडाला. मागचा तुकडा मात्र पोटात भरमसाट तेल घेऊन खडकावरच अडकून बसला. त्यातलं तेल पंपाने उपसायचं आणि आधीच सांडलेलं किनाऱ्यावरून खरवडून काढायचं, असं काम दिवसभर चालायचं. चौदाव्या दिवशी सकाळी त्या मागच्या तुकड्यात, इंजिनखोलीच्या शिडीखाली, पंपावरचा सगळ्यात हुशार माणूस मरून पडलेला सापडला. शेजारी गोणपाटाची पिशवी होती. पिशवीत जहाजाचे पितळी नळ आणि झडपा, एकेक चिंधीत नीट गुंडाळलेली.

झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. पितळ चोरायला चोरून गेला, आतल्या गॅसने गुदमरला, देवाने शिक्षा दिली. चहाच्या टपरीवर हेच, बोटींवर हेच, आणि ज्यांनी त्याच्याकडून काम शिकलं त्यांच्याही तोंडी हेच. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर खापर फोडताना कुणाचंच काही जात नाही.

सर्वेअरबाईंना बंदराच्या कचेरीने पाठवलं ते प्रेत सापडल्याच्या पाचव्या दिवशी, तेही पोलिसांचा कागद जवळजवळ तयार झाल्यावर. बाईंचं खरं काम भिजलेल्या मालाचं नुकसान तपासायचं. ओली साखर, गंजलेलं लोखंड, बुरशी आलेला कापूस. माल भिजला की मालक एक सांगतो आणि माल दुसरंच सांगतो, हे अठ्ठावीस वर्षं बघून त्यांचा माणसांच्या जबान्यांवरचा विश्वास पार उडाला होता. गुडघे दुखायचे, त्यामुळे स्वभावही थोडा करकरीत झाला होता.

बाई पहिल्यांदा इस्पितळात गेल्या. शवागाराच्या दाराबाहेर एका बाकावर पंपवाल्याचा बाप बसला होता. जन्मभर मासेमारीची जाळी विणून त्याच्या बोटांना गाठी आल्या होत्या. चार दिवस तो तिथून हलला नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्याची लेक डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती किनाऱ्यावर तेल साफ करायच्या कामावर होती, आणि कामावर जायच्या आधी रोज डबा आणायची. डबा आणायची आणि भरलेलाच परत न्यायची.

"काका, दोन घास खाऊन घ्या," बाई म्हणाल्या.

"तुमचा कागद झाला?"

"आज तर आलेय मी."

"मग होऊ द्या." म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चोर म्हणून मी त्याला घरी नेणार नाही. तो कोण होता ते खरं काय ते लिहा. मग नेतो."

लेकीने खाली मान घातली. आतल्या कारकुनाने बाईंना हळूच बाजूला घेतलं. "बाई, आज संध्याकाळी पाचपर्यंत नेलं नाही तर आम्हाला बेवारस म्हणून नोंद करावी लागेल. नियम आहे."

"अहो, बाप दारात बसलाय आणि पोरगा बेवारस? धन्य तुमचा नियम!" बाई कडाडल्या. पण नियम काही हलला नाही. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

मग त्यांनी मेलेल्याचे कपडे मागवले. तेलापासून बचाव करणारा तो पांढरा सूट डॉक्टरांनी कापून काढला होता, पण रबरी हातमोजे बाह्यांना तसेच जोडलेले होते. मनगटावर फटीतून तेल आत जाऊ नये म्हणून हातमोजा आणि बाही यांच्यावरून रुंद चिकटपट्टी गुंडाळतात. दोन्ही मनगटांवर ती पट्टी सारखीच गुंडाळली होती, एक सुरकुती नाही. शेवटचं टोक तिरकं, दोनदा दुमडलेलं.

बाईंनी कारकुनाकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि हातमोजे चढवून स्वतःच्या मनगटांवर गुंडाळून पाहिली. डावं मनगट कसंबसं जमलं. उजव्याचा पार चिखल झाला, पट्टी पट्टीलाच चिकटून बसली.

"काय करताय बाई?" कारकून हसला.

"माणसाला हे एकट्याला जमत नाही, ते बघतेय," बाई म्हणाल्या. "हा एकटा, चोरून गेला म्हणतात ना? मग ह्याला सूट चढवला कुणी?"

२

मुकादम हा जहाजावरच्या सगळ्या कामाचा प्रमुख. नुकताच जहाजावरून येऊन, सूट-हातमोजे न काढताच तो पत्र्याच्या खोलीत चहा पीत होता. बाईंना बघून त्याने तोंडभर हसून खुर्ची पुढे केली.

"उघडच आहे हो बाई सगळं. तुम्हाला उगाच त्रास."

"उघड असतं तर मला बोलावलं नसतं. आधी तुमचा फळा दाखवा."

भिंतीवर लाकडी फळा होता. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आकड्याचा पत्र्याचा बिल्ला 'किनाऱ्यावर'च्या खिळ्यावरून काढून 'जहाजावर'च्या खिळ्याला लावायचा, परत आलं की पुन्हा पहिल्या जागी. कोण आत अडकलंय हे कळावं म्हणून ही सोय. पंपवाल्याचा बिल्ला अजूनही 'किनाऱ्यावर' लटकत होता.

"बघा," मुकादम म्हणाला. "कुणाला कळू नये म्हणूनच ना बिल्ला लावला नाही?"

"हो. कुणाला कळू नये म्हणून," बाईंनी मान डोलावली. "गेला कशातून?"

"छोट्या होडीतून. पाण्यावरचं तेल अडवायला आम्ही रबरी बांध टाकलाय ना, त्याची देखभाल त्या होडीतून करतात. लाँच तेव्हा धक्क्यावर नव्हती. लाँचवाला रोज पहाटे पलीकडे डिझेल भरायला जातो."

"होडी रात्रीच नेली असेल."

"छे! सकाळी धुक्यात मी स्वतः त्याच होडीतून बांध बघून आलो. साडेसहाला परत आलो आणि माझ्या हाताने दोरी बांधली. साडेसातला लाँच पहिली पाळी घेऊन गेली, तर होडी जहाजाला बांधलेली आणि खाली हा पडलेला."

बाईंनी पिशवी उघडून नग मोजले. एकवीस भरले. "गंजलेली एक झडप खोलायला किती वेळ लागतो?"

"चांगला पाना असेल तर पाच मिनिटं."

"म्हणजे एकवीसला पावणेदोन तास. वर प्रत्येकाला चिंधी. आणि मुकादम, तुमच्या हिशेबाने त्याच्या हातात होता एक तास. त्यातच होडी वल्हवायची, वर चढायचं, मरायचं पण."

मुकादमाचा कप ओठाशीच थांबला. त्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि यावं अशी त्याची इच्छाही नव्हती. चोर मेला तर चोराची चूक. कामावरचा माणूस मेला तर मुकादमाला जाब द्यावा लागतो.

"मास्क कुठे सापडला त्याचा?" बाईंनी विचारलं.

"वर डेकवर, शिडीच्या तोंडाशी." मुकादमाचा आवाज उतरला. "तेच कळत नाही. नव्या माणसांना शिकवायचा तोच. सांगायचा, सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर घाबरू नका, वास यायचा बंद झाला की पळा, गॅसने नाक मारलेलं असतं. आणि हाच मास्क वर ठेवून खाली उतरला? प्रत्येकाचा मास्क आपापला असतो बाई, ज्याच्या त्याच्या कुलपात. जादाचा हवा असेल तर किल्ली माझ्याकडे."

बाईंनी मास्क हातात घेतला. डोक्यामागून जाणाऱ्या रबरी पट्ट्याला सात भोकं होती. आतल्या एका भोकाशी बकलाचा खोल वळ उमटला होता. रोज तिथेच आवळत असणार.

"चेहऱ्याने बारीक होता का हो तो?"

"अगदी मूठभर तोंड. आम्ही म्हणायचो, तुझ्या मास्कात दोघं मावतील."

बाईंनी पट्टा त्याच्यासमोर धरला. बकल त्या वळापाशी नव्हतं. ते पार टोकाच्या, शेवटच्या भोकात अडकवलेलं होतं.

"हा मास्क शेवटी ज्याने घातला," त्या म्हणाल्या, "तो पंपवाला नव्हता."

३

खोलीतून निघताना बाईंनी मुकादमाचा हात धरला आणि मनगट वळवून बघितलं. पट्टी होती, पण टोक साफ कापून दाबून बसवलेलं.

"हे दुमडत नाही तुम्ही?"

"जहाजावर कधीच नाही. टोक मोकळं राहिलं की कुठेतरी अडकतं आणि हातमोजा फाटतो. आम्ही सुरीनेच कापून काढतो. दुमडतात त्या किनाऱ्यावरच्या बाया. त्यांना दिवसातून सहा वेळा हातमोजे बदलावे लागतात, तेलकट हातांना टोक सापडत नाही."

बाई वाळूतून लंगडत तंबूपर्यंत गेल्या. वाळू कसली, काळा चिकट चिखलच होता तो. बाया पांढरे सूट घालून खोऱ्याने तो पिशव्यांत भरत होत्या. कुणी गात नव्हतं, कुणी भांडतसुद्धा नव्हतं. एकीने पंखांना तेल लागलेला पक्षी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला होता. तो मेला होता, पण टाकून द्यायला तिचा हात होत नव्हता.

सूट चढवायच्या तंबूत तिघी जणी होत्या. तिसरी पंपवाल्याची बहीण. इस्पितळातून येऊन ती कामाला लागली होती.

"मलाही पाण्यापाशी जायचंय," बाई म्हणाल्या. "हात बांधून द्या बघू." आणि त्या आळीपाळीने तिघींपुढे उभ्या राहिल्या. पहिलीने टोक सरळ दुमडलं. दुसरीने पण सरळ. दोन्ही वेळा बाईंनी काहीतरी खुसपट काढून पट्टी सोडवून घेतली. दुसरी पुटपुटली, "काय बाई नखरे एकेकीचे!"

बहिणीने हात हातात घेतला. पट्टी फिरवली, अंगठ्याने दाबत, एक सुरकुती न पडू देता. शेवटी टोक तिरकं धरून दुमडलं, आणि पुन्हा एकदा दुमडलं.

बाईंनी बाकीच्या दोघींना बाहेर पाठवलं.

"त्या सकाळी दादाला सूट तू चढवलास."

तिचे हात बाईंच्या मनगटावर तसेच राहिले. ती रडली नाही. चार दिवस आत कोंडलेलं इतक्या सहज बाहेर येत नाही.

"दादा म्हणाला, कुणाला सांगू नकोस," शेवटी ती म्हणाली. "तेवढंच म्हणाला. म्हणाला, मी आत्ता घेऊन येतो, तू रडू नकोस, आणि कुणाला सांगू नकोस. म्हणून बिल्लापण लावला नाही त्याने."

"कुणाला घेऊन येतो?"

ती पट्टीचं रीळ उचलून ठेवायला वळली.  बाहेर खोऱ्यांचा आवाज येत होता.

"अगं, बाप तिकडे उपाशी बसलाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नको तेवढा चढला. "तुझ्या हातचा डबा तसाच परत जातो. सख्ख्या भावाला जग चोर म्हणतंय आणि तू रोज त्याच लोकांशेजारी बसून ऐकतेस? कसं ऐकवतं तुला?"

"नाही ऐकवत." ती एवढंच म्हणाली. "पण घरी दोन लेकरं आहेत माझी."

बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "तुझा नवरा काय करतो गं?"

तिने तंबूच्या दारातून धक्क्याकडे बघितलं.

"लाँच चालवतात," ती म्हणाली.

४

लाँचवाल्याचं डोकं एवढं मोठं होतं की बाजारात त्याच्या मापाची टोपी मिळत नसे. टोपी मागून कापून त्याने मध्ये कापडाची पट्टी जोडली होती, आणि त्यावरून धक्क्यावर त्याची रोज थट्टा चालायची. आज तो लाँचच्या कठड्याला टेकून खोकत होता. डोळे लालभडक होते.

"सर्दी झालीये," बाईंनी विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"चार दिवसांपूर्वीच झाली असेल."

 बाईंनी पिशवीतून मास्क काढून त्याच्यासमोर धरला. पट्टा त्यांनी तसाच ठेवला होता, शेवटच्या भोकात.

"घालून बघा."

मुकादम मागे येऊन उभा राहिला होता. लाँचवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बायको येत होती त्या वाटेकडे पाहिलं. मास्क त्याने हातात घेतला, पण घातला नाही. तो तसाच डेकवर मांडी घालून बसला आणि मास्क छातीशी धरून ढसाढसा रडायला लागला.

"सगळं जहाज भंगारातच जाणार होतं हो," तो म्हणाला. "म्हटलं, चार नळांनी कुणाचं काय जातंय? डिझेलच्या नावाखाली तीन पहाटे गेलो. वरचंच काढायचो. त्या दिवशी हाव सुटली, खाली उतरलो. आधी घाण वास यायचा. मग यायचा बंद झाला. मला बरंच वाटलं, म्हटलं गेला गॅस. लाँच चालवणारा माणूस मी, मला कुणी हे शिकवलंच नाही. आम्हाला जहाजावर पाय ठेवायचीच परवानगी नाही ना."

मुकादमाने डोक्याला हात लावला.

"उजाडेपर्यंत घरी येतो म्हणून हिला सांगितलं होतं. आलो नाही तशी ही घाबरून दादाकडे धावली. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता आणि दादा मला खालून शिडीवर ढकलत होता. माझ्या डोक्याला बसेना म्हणून त्याने पट्टा सैल केला असणार. वर जा, वर जा, असं खुणेने सांगत होता. श्वास धरला होता त्याने. मी वर आलो, मास्क काढून फेकला आणि उलट्या करत राहिलो. मला वाटलं, येतोय मागोमाग. मग खाली वाकून बघितलं."

"आणि पुन्हा उतरला नाहीस," बाई म्हणाल्या.

"दोनदा पाय टाकला शिडीवर." त्याने मास्क आणखी घट्ट धरला. "नाही उतरवलं, बाई. मग लाँच घेऊन आलो आणि पाळीच्या माणसांना बसवून परत गेलो. जणू काही माहीतच नाही."

त्याची बायको तोवर धक्क्यावर पोचली होती. तिने सगळं ऐकलं. तिला त्यात नवीन असं काहीच नव्हतं.

"चला," बाई दोघांना म्हणाल्या. "पाच वाजायच्या आत पोचायला हवं. मी कागदावर लिहीन, पण त्यांना सांगायचं तुम्हीच."

५

चार वाजून गेले होते. म्हातारा त्याच बाकावर होता. कारकून दारात रजिस्टर घेऊन उभा राहिला होता, बाईंना बघून त्याने ते पाठीमागे घेतलं.

लेक बापाच्या पायाशी जमिनीवरच बसली. "बाबा, दादा चोर नव्हता," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. वास, मास्क, पट्टी, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला ते. स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेताना तिला रडू फुटलं, पण तिने काही लपवलं नाही. लाँचवाला भिंतीशी उभा होता. तो खाली बघत होता आणि खोकला दाबायचा प्रयत्न करत होता.

 म्हाताऱ्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं होतं, बाप हात उगारेल.

"चार दिवस लोक माझ्याकडे बघून हळहळत होते," तो म्हणाला. "बापाचा लेकावर केवढा विश्वास म्हणायचे. बाई, विश्वास असता तर मी पहिल्याच दिवशी त्याला घरी नेला असता. कागद कशाला मागितला असता?"  "ती पिशवी दाखवली मला, आणि मलाही वाटलं, असेल. त्याचं तोंड बघायचा धीर होईना, म्हणून मी बाहेर बसलो. तू गप्प राहिलीस म्हणून रडतेस, पोरी. मी तर बाप असून मानलं."

  बाईंनी बाकावर बसून कागद गुडघ्यावर घेतला, पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. जावयाचं नाव लिहिलं तर त्याला तुरुंग होणार, घरी दोन लेकरं. नाही लिहिलं तर अनोळखी माणसाला वाचवताना मेला असं होईल, आणि गाव हसेल, म्हणेल, अनोळखी माणूस म्हणे! म्हाताऱ्याला त्यांनी हे सगळं स्पष्ट सांगितलं. ठरवायचं त्याने होतं, असं नाही. पण विचारल्याशिवाय त्यांचा हात चालेना.

तो उठला. चार दिवस बसून पाय आखडले होते, लेकीने आधार दिला. तो भिंतीपाशी गेला आणि जावयासमोर उभा राहिला. जावयाने डोळे मिटून घेतले.

"श्वास नीट घेता येतोय का?" म्हाताऱ्याने विचारलं.

 जावयाने नुसती मान डोलावली.

"नाव लिहा, बाई," म्हातारा मागे वळून म्हणाला. "ह्याचं नाव लिहा, चोरी लिहा, सगळं लिहा. पण त्याच्याआधी लिहा की हा जिवंत आहे. ते माझ्या लेकाचं काम आहे."

कारकुनाने दार उघडलं. म्हातारा आत गेला, मागोमाग लेक गेली. बाईंनी कागदावर पहिलं वाक्य तेच लिहिलं.